ओटी भाड्याने मिळेल

व्हिला ठरण्याच्या खूप आधी व्हिलाचा ग्रुप निघतो. कुणीतरी त्याला नाव देतं, दुसरं कुणी नावापुढे लाट आणि माडाचं झाड चिकटवतं, तिसरा काळ्या चष्म्याचा पिवळा चेहरा टाकतो आणि इथवरचं सगळं एकमताने पार पडतं. पुढे एकमताने काही होत नाही.

आमच्या ग्रुपात आम्ही तीन भावंडं, त्यांचे नवरे-बायका, तीन ते पंधरा या वयातली सहा मुलं, आई आणि काका. मोठी माणसं ग्रुपवर बोलतात. मुलं बोलत नाहीत, फक्त अंगठा दाखवतात, आणि तो होकार आहे की कुचेष्टा हे त्यांच्या आईलाच कळतं. आई ग्रुपवर काहीच लिहीत नाही. ती सगळं वाचते आणि मग एकेकाला फोन करते.

पहिली अडचण तारखेची. मे महिना पूर्वी सार्वजनिक होता. निकाल लागला की जून उजाडेपर्यंत महाराष्ट्रातली सगळी मुलं एकदम मोकळी असत. आता प्रत्येक बोर्डाचा मे वेगळा. दादाची मुलं सीबीएसईची, त्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. वार्षिक परीक्षेतून उठलेली मुलं पुढच्या इयत्तेचे दोन धडे शिकून, गृहपाठ घेऊन मगच सुट्टीवर येतात. ताईची मुलं राज्य मंडळाची, त्यांना जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. पण थोरला यंदा दहावीत जाणार असल्याने ती सुट्टी शाळेला आहे, त्याला नाही. त्याला क्लासची ‘व्हेकेशन बॅच’ आहे. आमची धाकटी स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळेत जाते. तिची मोठी सुट्टी जूनमध्ये लागते, म्हणजे कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्यावर. तिन्ही सुट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या तेव्हा मधे जी फट उरली ती मे महिन्यातल्या एका शुक्रवार ते रविवारची होती, आणि त्यातही भाच्याने शनिवारचा क्लास बुडवायचा होता. त्याने हा त्याग हसतमुखाने स्वीकारला.

मग ठिकाण. ताईच्या यजमानांनी, म्हणजे भावोजींनी, गोवा सुचवला. का, असं विचारल्यावर ते म्हणाले, “गोवा म्हणजे शेवटी गोवा.” गोव्यासाठी याहून मोठं कारण आजवर कुणी दिलेलं नाही आणि याहून मोठं कारण लागलेलंही नाही. पण सुट्टीतली विमानाची तिकिटं पाहिल्यावर तेही अलिबागला तयार झाले. मुंबईच्यांना जवळ, पुण्याच्यांना फार लांब नाही, आणि किहीम, आवास, सासवणे, थळ, वरसोली, नागाव अशी एकापाठोपाठ एक गावं, प्रत्येक गावात नारळाच्या वाड्या, आणि हल्ली प्रत्येक दुसऱ्या वाडीत एक व्हिला.

याच अलिबागच्या नावाने मराठी माणूस पिढ्यानपिढ्या दुसऱ्याला वेड्यात काढत आला. ‘अलिबागहून आलायस का?’ असं म्हणायला बंदी घाला, अशी मागणी करणारी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आली होती. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने ती फेटाळली. खरं तर न्यायालयाला तसदी द्यायची गरजच नव्हती, जमिनीच्या भावांनी तो प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. आज कुणी ‘मी अलिबागहून आलो’ असं म्हणाला तर आपण उठून त्याला खुर्ची देतो आणि तिकडे काही ओळख आहे का, असं हळूच विचारतो.

व्हिलाच्या आत काय आहे याची चौकशी आमच्यातल्या एकाही पुरुषाने केली नाही. तिथवर जायचं कसं, यावर मात्र सगळ्यांनी रक्त आटवलं. दादा अटल सेतूचा. शिवडीहून निघून जवळपास २२ किलोमीटर पुलावरून पलीकडे, जानेवारी २०२४ पासून हे सुख आहे, मग ते का घेऊ नये? पलीकडे उतरल्यावर वडखळचा नाका आहेच, हे तो सांगत नाही. मी रो-रोचा. भाऊच्या धक्क्यावर गाडीसकट बोटीत चढायचं, तासाभरात मांडवा. मुलांना बोट मिळते, आपल्याला स्टीअरिंग सोडून चहा. भावोजी पुण्याचे असल्याने या वादाशी त्यांचा काही संबंध नव्हता, म्हणून ते सर्वांत जास्त बोलले. खोपोली-पेणचा रस्ता कसा उत्तम आहे हे त्यांनी नकाशासह समजावलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. आमचा भाचा साधारण त्याच सुमाराचा. दोघांचंही यंदा पूर्ण होईल असं घरात कुणाला वाटत नाही.

फोटो बघायचं काम ताईकडे होतं. व्हिलाचे फोटो नुसते बघायचे नसतात, वाचायचे असतात, आणि ताई त्यात आता तज्ज्ञ झाली आहे. पूल मोठा दिसला की ती आधी काठावरची खुर्ची शोधते. खुर्चीच्या मानाने पूल किती, यावरून तिने दोन आलिशान जलतरण तलाव न्हाणीघराच्या आकाराचे ठरवले. पलंगावर टॉवेलचा हंस असेल तर खोलीत कपाट नाही. जेवणाच्या टेबलावर फक्त ड्रॅगन फ्रूट असेल तर स्वयंपाकीण येणार नाही. आणि समुद्रावर उगवत्या सूर्याचा फोटो असेल तर तो व्हिला अलिबागचाच नव्हे. आपल्या किनाऱ्याला सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो तो पेणकडून.

‘समुद्राला लागून’ हा शब्दप्रयोगही असाच सैल. १९९१ च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवी बांधकामं अडवली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले, कुठे सैल झाले, तरी कागदोपत्री समुद्र आणि नवा व्हिला यांच्यात अंतर राहतंच. जाहिरातीत ते नसतं. फोटोत पूल संपतो तिथे समुद्र सुरू होतो. जागेवर मधे एक कुंपण, एक रस्ता, शेजाऱ्याची वाडी आणि सरबताची टपरी निघते. ‘सी-व्ह्यू’ असतो, तो वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून, तोही माड वाऱ्याने बाजूला झाला तर. ‘किनारा पाच मिनिटांवर’ असं लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं व्हिलाच्या मालकाची असतात. तीन वर्षांचं पोर, बादली, फावडं, फुगवलेलं बदक, टोपी, दुसरी टोपी, वाटेत सुटलेली चप्पल आणि ‘मला उचल’ हे धरून तेच अंतर पाऊण तासाचं होतं.

शेवटी जो व्हिला सगळ्यांना आवडला आणि सर्वांत महाग होता, त्याचा विशेष असा की तो व्हिलासारखा दिसतच नव्हता. जांभ्या दगडाच्या भिंती. वर कौलं. पुढे पडवी, मग ओटी, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा. मागे परसदार, विहिरीला रहाट, दारात तुळशीवृंदावन. न्हाणीघरात तांब्याचा बंब. अंगण शेणाने सारवलेलं, आणि खाली लिहिलेलं: ‘अस्सल कोकणी जीवनाचा अनुभव’. चुलीवरच्या जेवणाचे पैसे वेगळे. एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, आणि हे भाडं साडेसात हजारांच्या इतकं वर होतं की त्याला तिथून खालचं काही दिसत नसावं.

ताईने आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले. आईने चष्मा पुसून सगळं पाहिलं. चूल पाहिली, बंब पाहिला, रहाट दोनदा पाहिला.

“हे घर सोडून मी गिरगावात चाळीतल्या एका खोलीत आले तेव्हा नळाखाली हात धरून रडले होते गं, आनंदाने,” ती म्हणाली. “आता कर भरून मला परत तिथेच नेताय?”

तर आमचं स्वतःचं असं घर आहे, गुहागरजवळ. जांभ्याचं, कौलारू, ओटी-पडवीसकट. समुद्र खरोखरच पाच मिनिटांवर. वाडीच्या सातबाऱ्यावर इतकी नावं चढली आहेत की तलाठीभाऊ आम्हाला बसवून पाणी देतात आणि उतारा सावकाश वाचतात. दुरुस्तीच्या बाबतीत सगळ्या हिस्सेदारांचं कधीचं एकमत आहे: ती इतरांनी करावी. किल्ली काकांकडे असते. काका वर्षातून एकदा जाऊन दार उघडतात, पाकोळ्या बाहेर काढतात आणि दार लावून येतात. त्या घरी मुलांना न्यायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, “तिथे सोय नाही.” मग सगळे मिळून तसंच दिसणारं घर भाड्याने शोधतात, ज्यात एसी आहे.

मला यात विसंगती दिसते, पण त्यात शहाणपणही दिसतं. आपण भाडं समुद्राचं देत नाही. सहा खोल्या, एक लांब टेबल, ओल्या टॉवेलांनी भरलेली दोरी, दाराआडून हसणारी चुलत-आते-मामे पोरं आणि रात्री अकराला ‘झोपा रे’ म्हणून ओरडणारी तीन वेगवेगळी माणसं, याचं भाडं देतो. एकत्र कुटुंबच ते, दोन रात्रींसाठी. आजीच्या काळी ते आयुष्यभरासाठी मिळायचं आणि त्याला चेक-आउट नव्हतं. रविवारी सकाळी अकराला आपल्याला कुणीतरी सक्तीने बाहेर काढणार आहे, ही त्या व्हिलातली खरी चैन. सासू-सून, जावा-जावा, भाऊ-भाऊ इतक्या खात्रीच्या मुदतीसाठी एकमेकांशी गोडच वागतात.

पैशांवर मात्र गोडवा पातळ झाला. दादाचं म्हणणं, माणशी वाटू. त्याच्या घरात माणसं कमी. ताई म्हणाली, खोलीमागे वाटू. तिला एकच खोली लागणार होती. मी कुटुंबामागे म्हणालो, त्यामागचा हिशेब मी इथे उघड करत नाही. व्हिलाच्या नियमात पाच वर्षांपर्यंत मूल फुकट, पाच ते बारा अर्धं. हा नियम वाचल्याबरोबर आमच्या घरातली मुलं झपाट्याने लहान होऊ लागली. ज्या पुतणीचा बारावा वाढदिवस आम्ही सगळे जेवून आलो होतो, ती ‘चालू वर्षी बारा पूर्ण’ की ‘बारा चालू’ यावर वहिनींनी तोंडी पुरावा दिला. मुलगी स्वतः शेजारी उभी राहून “मला तेरावं लागलंय” म्हणत होती. या वयात मुलांना खरं बोलायची खोड असते.

आईने फोनवर निराळाच मुद्दा काढला. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून फुकट आहे. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. “मग तुमच्या त्या घरात मला पूर्ण पैसे का? मी पूलमध्ये उतरत नाही, दारू पीत नाही, वायफाय मला कळत नाही.” ताईने हे खरोखर बुकिंगवाल्या मुलीला विचारलं. ती मुलगी नम्र होती. “मॅम, सीनियर सिटिझन पॉलिसी नाही, पण त्यांना आम्ही वेलकम ड्रिंक देऊ.” वेलकम ड्रिंक म्हणजे कोकम सरबत निघालं. आईने कळवलं, की ते मी घरून आणते.

आणि आईने घरून आणायच्या वस्तूंची यादी सुरू केली ती तिथून. मेतकूट, तूप, भाजणी, लिंबाचं गोड लोणचं. व्हिलाच्या स्वयंपाकघराच्या फोटोत चार प्रकारचे पेले, बाटलीचं बूच काढायची तीन यंत्रं, ओव्हन आणि भिंतीवर टांगलेल्या तांब्याच्या कढया होत्या. ताईने केअरटेकरदादांना फोन करून विचारलं, “चहाचं गाळणं आहे का?” दादा थांबले. “मॅडम, ग्रीन टी आहे.” लाटणं? “बघून सांगतो.” कुकर? कुकर आहे, पण शिट्टी मालकांनी काढून ठेवलीय, पाहुण्यांची शांतता भंगते. हे कळल्यावर तिन्ही घरांतून एकेक कुकर निघाला. आमची बायको स्वतःच्या मिक्सरशिवाय कुठे जात नाही. ताई आपली कढई घेणार, कारण दुसऱ्याच्या कढईचा अंदाज येत नाही. वहिनींनी फक्त ‘थोडं सुकं’ आणायचं कबूल केलं: शंकरपाळे, चिवडा, चकल्या, खाकरे, शेंगदाण्याचे लाडू, आणि लागलीच तर मॅगीची बारा पाकिटं. स्वयंपाकाला बाई आणि वाढायला माणूस भाड्यातच धरलेले आहेत, याची आठवण भावोजींनी करून दिली. कुणी उत्तर दिलं नाही.

व्हिलाच्या पत्रकात ‘पोपटी नाइट’ पण होती. इथे काकांनी प्रथमच ग्रुपवर तोंड उघडलं. पोपटी मे महिन्यात? पोपटीला थंडीतल्या वालाच्या शेंगा लागतात, मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला लागतो, तो पाऊस संपल्यावर रानात उगवतो. मे महिन्यात मडक्यात काय घालणार, फ्रोझन मटार? त्यांचा संताप सात ओळींचा होता आणि त्यावर मुलांचे सहा अंगठे आले.

काकांना बोलायला एकदा वाव मिळाला, की ते भरती-ओहोटीवर जातात. समुद्रावर जाणाऱ्या माणसाने तारीख पाहायची नसते, तिथी पाहायची असते, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या मधल्या शनिवारची तिथी वद्य चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की मुंबई-अलिबागकडच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. कोळी मंडळी याच हिशेबाने चालतात. काकांना पाऊणकी पाठ आहे. चार पाऊण तीन. म्हणजे शनिवारी दुपारी तीनला भरती, पहाटेही तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळ-संध्याकाळ नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. रोज पाऊण तास पुढे. भाच्याने फोनवर भरतीचं वेळापत्रक काढून पडताळलं. थोडक्या मिनिटांचा फरक आला. तो बराच वेळ फोनकडे आणि मग काकांकडे बघत होता. पाऊणकी परीक्षेला येते का, एवढंच त्याने विचारलं.

हिशेबातून जे चित्र निघालं ते बघण्यासारखं होतं. शुक्रवारी तृतीया, भरती सव्वादोनला. आमचं चेक-इन दोनला. आम्ही बॅगा उतरवून, खोल्यांवरून भांडून, कुकर मोजून बाहेर येईपर्यंत समुद्र निघून चाललेला असणार. शनिवारी सकाळी नाश्ता करून मुलं तयार होतील तेव्हा समोर पाणी नाही, राखाडी ओली वाळू आणि लांबवर एक रेघ. समुद्र परत येणार दुपारी तीनला, मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा एकही आई आपल्या मुलाला दाराबाहेर पाठवणार नाही. रविवारी पंचमी, भरती पावणेचारला. आम्हाला अकरालाच काढलेलं. ‘समुद्रकिनारी दोन रात्री’ याचा अर्थ समुद्र आणि आम्ही, आलटून पालटून, एकाच गावात.

शनिवारच्या चतुर्थीला दुसरी बाजूही होती. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. आई, वहिनी आणि आमची बायको यांचे उपास. घरात त्या दिवशी मासे शिजणार नाहीत, आणि कोकणातल्या किनाऱ्यावर घर म्हणजे भाड्याचं घरही आलंच. भावोजी दोन महिन्यांपासून सुरमईचं नाव काढून जगत होते. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणजे ही शेवटची संधी, असं त्यांनी कळवळून मांडलं. शुक्रवारी रात्री खा, आई म्हणाली. पण शुक्रवारी भावोजींच्याच घरी, भावोजींच्याच आईला बोललेला, देवीचा वार. ते बोलायचे थांबले.

उपास सोडायचा चंद्र पाहून. मे महिन्यात संकष्टीचा चंद्र दहा वाजून गेल्यावर उगवतो. व्हिलाचं स्वयंपाकघर दहाला बंद. बुकिंगवाल्या मुलीने नियम बदलत नाही असं सांगितलं. आईने चंद्राच्या बाबतीत तेच सांगितलं. शिवाय पत्रकात ‘समुद्रावरच्या चंद्रोदयात जेवण’ असं छापलेलं होतं; चंद्र उगवणार पूर्वेला, म्हणजे मागच्या बाजूच्या व्हिलाच्या पाण्याच्या टाकीवर. तिथे टेबल लावायला सांगू, असं ठरलं.

दादाने मात्र या ओहोटीतून संधी शोधली. सकाळी नऊच्या ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. कान्होजी आंग्र्यांचा किल्ला, चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर, आणि आत गणपतीचं देऊळ. संकष्टी, ओहोटी आणि गणपती एकाच दिवशी जुळून आल्यावर आईचा व्हिलाला असलेला विरोध एका फोनमध्ये मावळला. मुलांना इतिहास कळेल म्हणून दादा खूश झाला. पाण्यातून चालताना मुलं कोण उचलणार, हा प्रश्न वहिनींनी विचारला तेव्हा दादाला आंग्र्यांचं आरमार आठवलं आणि तो त्याबद्दल बोलत राहिला.

आता मुलांचं. सगळी आखणी ज्यांच्यासाठी, त्यांना काय हवं हे आम्ही फार शेवटी विचारलं, तेही ताईने ग्रुपवर मतदान टाकलं म्हणून. वाळूचे किल्ले, डॉल्फिन, घोडागाडी, नागावच्या जलक्रीडा, शिंपले गोळा करणे, असे पर्याय होते. एकाही पर्यायाला एकही मत पडलं नाही. दादाच्या मुलाने खाली लिहिलं: पूल किती खोल आहे? पुतणीने विचारलं: वायफाय खोलीत येतं का? आमच्या तीन वर्षांच्या धाकटीला विचारलं तेव्हा तिला फक्त एवढंच हवं होतं, की दुमजली पलंगावर वर तिने झोपावं. समुद्राबद्दल भाच्याने मत दिलं की तो चांगला आहे, पण वाळू लागते.

पूल हाच मग तीर्थक्षेत्र ठरला आणि त्याचे नियम आले. सकाळी आठ ते रात्री आठ. काचेची भांडी नेऊ नयेत. पाण्यात उतरताना नायलॉनचा पोशाख सक्तीचा, सुती कपडे चालणार नाहीत. ताईच्या सासूबाई येणार नव्हत्या, पण त्यांनी लांबून विचारलं, पाय सोडून बसलं तर साडी नायलॉनची लागेल का. ‘मॅम, फक्त पाय असतील तर चालेल,’ असं लेखी उत्तर आलं. ते आम्ही जपून ठेवलं आहे. भावोजींनी स्वतःसाठी नायलॉनची चड्डी मागवली, तिच्यावर अननस होते. ती घालून त्यांनी फोटो टाकला आणि त्या दिवशी मुलांनी प्रथमच अंगठ्याऐवजी दुसरं चिन्ह वापरलं.

खोल्यांचं वाटप मी इथे सांगणार नाही. आईला तळमजला, कारण गुडघे. तेवढ्यावर वाद झाला नाही. बाकीचं अजून चालू आहे. घोरण्याच्या मुद्द्यावर तीन कुटुंबांतल्या पुरुषांनी एकजुटीने एकही पुरावा मान्य केलेला नाही.

आगाऊ रकमेचा दुवा बुकिंगवाल्या मुलीने रात्री नऊला पाठवला. तासाभरात भरले नाहीत तर तारीख दुसऱ्याला जाईल, असंही तिने कळवलं. तिन्ही घरांतून पैसे दहा मिनिटांत गेले. ज्या माणसांनी मेथीच्या जुडीमागे भाजीवाल्याशी हुज्जत घातली होती, त्यांनी अनामत रकमेचा आकडाही धड वाचला नाही. ग्रुपवर फुगे उडाले. ताईने नाचणाऱ्या बाईचं चित्र टाकलं. दादाने ‘फायनल!’ लिहिलं.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी काकांचा फोटो आला. गुहागरच्या घराच्या छपराचा. कौलं सरकलेली, एका ठिकाणाहून आभाळ दिसत होतं. खाली त्यांनी लिहिलं होतं: ‘पावसाआधी शाकारणी केली पाहिजे. गडी मिळाला आहे. वासे दोन बदलावे लागतील. मजुरी, कौलं धरून अंदाजे एवढे.’ पुढे आकडा. तो आकडा आम्ही आत्ताच भरलेल्या आगाऊ रकमेपेक्षा कमी होता. काकांनी तसं काही म्हटलं नव्हतं.

सगळ्यांच्या निळ्या खुणा उमटल्या. दादा ‘टायपिंग’ दिसला, मग दिसेनासा झाला. भावोजी ‘टायपिंग’ दिसले. त्यांचा त्या सातबाऱ्यावर हक्क नसल्याने ते मोकळेपणाने लिहू शकले असते, पण त्यांनीही आवरतं घेतलं. शेवटी दादाने लिहिलं, “काका, तिकडून आल्यावर निवांत बसून बोलू.” त्यावर दोन अंगठे आले, दोन्ही मोठ्या माणसांचे.

मग आमच्या धाकटीने माझा फोन हिसकावून बोलून संदेश पाठवला. “काका आजोबा, तुमच्या घरी पूल आहे?”

काकांचं उत्तर लगेच आलं. “विहीर आहे. नायलॉन लागत नाही.”